मागाखालचा खड्डा

दिराने वाटणीचा दावा लावला, कोर्टाचा माणूस येवल्याचं घर मोजायला आला, तेव्हा प्रतिभाच पुढे झाली. "मधोमध हातमाग आहे, साहेब, खाली पाय सोडायचा खड्डा. तिथे भिंत कशी घालणार?" वाटणी टळली की घर वाचलं, असं तिला वाटलं. कोर्ट म्हणालं, वाटणी होत नसेल तर विका, पैसे वाटून घ्या. दिराचा हिस्सा विकत घ्यायचा पहिला हक्क नवऱ्याचाच होता, पण ऐपत कुठून आणायची? आज नवरा अर्धवट पैठणी मागावरून उतरवत होता, तिच्याकडे न बघता. नवा मालक दारातूनच म्हणाला, "माग न्या वैनी, पण खड्डा बुजवून द्या. लेकरं पडतील आमची." प्रतिभाने मातीचं घमेलं उचललं. तेवढ्यात चिमुरडी लेक खड्ड्याच्या काठावर बसली, बापासारखे पाय आत सोडून. "आई, टाक ना! माझे पाय झाक!"