बारावी खेप

निवृत्त फिटर दिगंबर बेंडाळे चहा पीत होते, तेव्हा मंगळाकडे नुकत्याच निघालेल्या यानातून कप्तान तनुजा मोघेचा फोन आला.

"काका, तुमचं यान छान पळतंय. संगणकावरच्या खेळात तुम्ही बांधलेलं हे यान सगळ्यात वेगवान ठरलं, म्हणून कारखान्याने जसंच्या तसं बांधलं."

बेंडाळेंनी कप खाली ठेवला. त्या खेळात यान बांधताना ठरवावं लागे, की इंधनाच्या हायड्रोजनसाठी बर्फ न्यायचा, की वायूने भरलेल्या टाक्या. बर्फाचा स्फोट होत नाही, पण त्यातून वायू काढण्यात वेळ जातो. त्यांनी टाक्या घेतल्या होत्या.

"एकच विचारायचं होतं," तनुजा म्हणाली. "टाक्या झोपायच्या खोल्यांना चिकटून का ठेवल्यात? काही कारण असेलच."

कारण काहीच नव्हतं. खेळातली माणसं झोपत नसत. आणि खेळात हेच यान टाकीला अवकाशातला खडा लागून अकरा वेळा फुटलं होतं. दर वेळी बेंडाळेंनी बटण दाबून नव्याने सुरुवात केली. बारावी खेप पोहोचली, आणि कारखान्याने तेवढीच पाहिली.

"किती जण आहात?" त्यांनी विचारलं.

"चाळीस. मुलं धरून."

"त्या खोल्या आधी रिकाम्या कर."

"का, काका?"

बेंडाळेंनी पहिल्या स्फोटापासून सांगायला सुरुवात केली.