पाच फूट चार इंच

"पाच फूट चार इंच पुरेल?" अध्यक्षांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

"इथली सगळ्यात उंच बाई पाच-तीन आहे, काका. मी मोजलंय." सुतारिणीने कानामागची पेन्सिल काढून आकड्याखाली रेघ मारली.

अध्यक्ष खूश झाले. काम असं हवं. प्रार्थनागृहात बायकांपुढे इतकी वर्षं नुसता पडदा होता. वारा आला की तो उडायचा, पुरुषांच्या माना मागे वळायच्या आणि प्रार्थनेचा पार विचका व्हायचा. त्या जागी पक्की लाकडी जाळी बसवीन, असा शब्द देऊनच ते निवडून आले होते. शब्द पाळला नाही तर पुढच्या खेपेला खुर्ची गेलीच म्हणून समजा.

मध्ये बायकांचा एक अर्ज आला होता, बत्तीस सह्यांचा. तासभर उभं राहून गुडघे जातात, निदान बाकं तरी टाका. समितीने तो पाच मिनिटांत निकालात काढला. मागे जागा कुठे होती? आणि बसायला मिळालं की बायका गप्पा मारणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

"भोकं बारीक ठेव. बोटसुद्धा जायला नको."

"नाही जाणार."

"लाकूड जाड घे."

"दीड इंची सागवान, काका. हत्ती बसला तरी मोडायचं नाही."

अध्यक्ष हसले. पोरगी बापासारखीच होती, कामाला चोख आणि बोलायला तिखट. "आणि एवढ्या बिजागऱ्या कशाला?"

"हवा बदलली की लाकूड फुगतं. अख्खी फळी ठेवली तर तडकेल. म्हणून एकेका फळीचे चार सारखे भाग. मध्ये खुंट्या घातल्या की ताठ उभी."

"खुंट्या आमच्या बाजूने दिसायला नकोत हं. पुढून सगळं गुळगुळीत पाहिजे."

"मग बायकांच्या बाजूने घेऊ?"

"घे की. तिकडे कोण बघतंय!"

तिने तेही लिहून घेतलं. अध्यक्षांनी सही केल्यावर तिने कागद उलटा केला. "इथेही एक." अध्यक्षांचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी झोकात दुसरी सही ठोकली.

पुरुषांच्या दालनात बाई आठ दिवस काम करणार म्हणून समितीत थोडी कुरकुर झाली. अध्यक्षांनीच तोडगा काढला. "कामापुरती ती सुतार आहे, बाई नाही."

"आणि काम झालं की परत बाई?" सुतारिणीने विचारलं. सगळे हसले, तीही हसली.

खरी कटकट घरात होती. जाळीचं कळल्या दिवशीच बायकोने सांगून टाकलं होतं, "त्या जाळीमागे मी उभी राहणार नाही." पस्तीस वर्षांत ती एवढं ठणकावून प्रथमच बोलली होती.

"अगं, अध्यक्षांचीच बायको नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणोत."

तेव्हापासून तिने धरलेला अबोला मिटावा म्हणूनच त्यांनी नकाशाच्या आधी सुतारिणीला घरी बोलावलं होतं. बायकोचं स्वयंपाकघरातलं स्टूल डुगडुगत होतं. गुडघ्यांमुळे तिला त्यापेक्षा उंच चालत नसे की बुटकं. पण बायकोने सुतारिणीला पाणीसुद्धा विचारलं नाही. सुतारिणीने मान खाली घालून स्टूल मापलं, "सोळा इंच," असं पुटपुटली आणि पाय बसवायला घेतला. अध्यक्ष फोनवर बोलून परत आले तरी दोघींच्या तोंडाला कुलूपच. आपल्यापायी त्या पोरीने हा अपमान गिळला, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

आठव्या दिवशी जाळी उभी राहिली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सहा फळ्या. अध्यक्षांनी तीनदा हात फिरवून पाहिला.

"पुढे तीन हात जागा मोकळी सोडा," सुतारीण म्हणाली. "पॉलिश अजून ओलं आहे." लगेच पुरुषांच्या खुर्च्या पुढे सरकवण्यात आल्या.

समारंभाला दालन खच्चून भरलं. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी अध्यक्ष व्यासपीठावर चढले, तेवढ्यात मागच्या दाराने आत शिरणाऱ्या बायकांमध्ये त्यांना आपल्या बायकोची ओळखीची शाल दिसली. आली! त्यांचा ऊर भरून आला. भाषण त्यांनी आवाज चढवूनच केलं आणि शेवटी म्हणाले, "ही जाळी आता पन्नास वर्षं इथून हलायची नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरला तेव्हा मागून टक् टक् असा आवाज येत होता. फरशीवर खुंट्या पडत होत्या.

मधली फळी पुढे झुकली. मागून तिला कितीतरी हातांनी धरलं होतं. ती सावकाश दुमडली, पुन्हा दुमडली, आणखी एकदा दुमडली आणि त्या तीन हात मोकळ्या जागेत चौकोनी होऊन बसली. मग तिच्या शेजारची. मग बाकीच्या. भिंत उरली नव्हती. पुरुषांच्या दालनात व्यासपीठाकडे तोंड करून सहा बाकं मांडलेली होती.

"हे नकाशात नव्हतं!" अध्यक्ष ओरडले.

"मागच्या बाजूला आहे, काका," बायकांच्या घोळक्यातून सुतारीण म्हणाली. "सही तुमचीच आहे."

हातात खुंटी घेऊन अध्यक्षांची बायको पुढे आली, सगळ्यांच्या देखत मधल्या बाकावर टेकली आणि तिने पाय जमिनीवर नीट टेकवून पाहिले.

"अगदी सोळा इंच," ती सुतारिणीला म्हणाली. "ये गं, बस. त्या दिवशी तुला पाणीही विचारता आलं नाही."