काचेच्या टाकीतली माशी

जुन्या शोकेसच्या काचा सिलिकॉनने चिकटवून त्याने टाकी केली आणि कूलरचा पंप लावून पाणी नदीसारखं वाहतं केलं. गळाला लावायची खोटी माशी पाण्यात खरी वाटते का, हे त्याला बघायचं होतं. पण माशीला बांधलेली कोंबडीची पिसं पाण्यात ताठच राहायची.

शेवटी खिडकीतल्या गुंतवळातले मऊ केस त्याने माशीला बांधले. माशी लवलवत पोहू लागली.

“अगं, लवकर ये! बघ, कशी जिवंत झालीय!”

बायको आली. काचेशी वाकून बघत राहिली. “केस माझे ना?”

तेव्हा कुठे त्याला तिच्या डोक्यावरचा रुमाल दिसला. केमोने गळालेले ते शेवटचे केस होते. पंप बंद करायला त्याने घाईने हात नेला.

तिने तो धरला. “चालू राहू द्या. फक्त हिला एवढ्यात नदीवर नेऊ नका.”