रकाना रिकामा येणार नाही

"शोधाच्या निकालात घरच्या नंबरचा रकाना रिकामा येऊ शकतो की नाही, एवढंच सांग," सृष्टीचा वरिष्ठ ललित म्हणाला.

"दोन मिनिटं, सर." कीबोर्डवरची सृष्टीची बोटं थांबली नाहीत.

त्र्यंबकेश्वरच्या भक्तनिवासात समोरच्या बाकावर देवरामबाबा बसले होते. दर्शनाच्या गर्दीत त्यांची मुलाशी चुकामूक झालेली. मनगटावर भक्तनिवासाची क्रमांकाची पट्टी होती, मुलगा सामान ठेवत असताना एकट्यानंच नोंद करून बांधून घेतलेली; घरचा नंबर मात्र पाठ नव्हता. त्यांच्या गावाकडे, पेठला जाणारी जीप निघायला आली होती.

पट्टीच्या क्रमांकावरून घरचा नंबर शोधून आपोआप फोन लावायचा, हे प्रोग्रामचं काम. पण जुना प्रोग्राम नेमका इथेच अडायचा. मूळ तक्त्यात नंबर सक्तीचा होता. तरी पट्ट्यांचा तक्ता नोंदींच्या तक्त्याशी जोडताना एखाद्या ओळीला जोडीची ओळ मिळाली नाही, की निकालात तिथे काहीच नसायचं. सक्ती तक्त्यापुरती, निकालाला ती लागू नाही, हे उमगलं तेव्हा सृष्टी खुर्चीतून उठून उभीच राहिली होती. मग तिनं डेटाबेसला जोडायचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. रकाना कुठल्या तक्त्यातून आला, तिथे सक्ती आहे का आणि जोडणीनं वाटेत भोक पाडलंय का, हे तो तपासायचा.

तिनं एंटर दाबलं. पडद्यावर हिरवी ओळ आली: रिकामा येणं शक्य नाही.

सृष्टीनं पडदा ललितकडे वळवला. ललितला मात्र अजून शंका होती. नोंदी करणाऱ्या सगुणाबाईंना त्यानं विचारलं, घाईत कधी नंबर राहून जातो का.

सगुणाबाईंना ते लागलंच. सृष्टीनं पहिल्या दिवशी नमुना म्हणून स्वतःचं नाव, स्वतःचाच नंबर भरून सगळं शिकवलं होतं, त्यात त्यांनी तसूभर फरक केला नव्हता.

"मोकळं सोडलं तर ते पुढं सरकतच नाय," त्या म्हणाल्या. "कुणाला नंबर ठाऊक नसला, तरी मी मॅडमनी दाखवलं तसं भरते. एकबी मोकळा नाय माझा."

"बघा सर," सृष्टी हसली. "बाबा, आता घरी बोला हं."

तिनं पट्टीचा क्रमांक टाकला. देवरामबाबा बाकावरून उठून जवळ आले. पडद्यावर अक्षरं उमटली: घरच्यांना फोन लावत आहे.

"लागला," ललित म्हणाला.

सृष्टीच्या पिशवीत तिचा फोन वाजू लागला.