चौथी आई

चौकीबाहेरच्या बाकावर तीन आया बसल्या होत्या, आणि तिघींचं म्हणणं एकच होतं: वखारवाल्याचा खून आपल्याच मुलानं केला.

तरुण वार्ताहराला हसू आवरेना. कोळशाच्या वखारीचा मालक डोक्यात घाव बसून मेला, त्याला अजून आठवडाही झाला नव्हता. इस्त्रीवाली म्हणत होती, माझ्या मुलानं दगड घातला. गवंड्याची आई म्हणाली, दगड कसला, थापी मारली. मास्तरांच्या बायकोनं तर मुलाला गळाच दाबायला लावला होता. जखम कुठे झाली हे बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मेलेला एक आणि मारेकरी तीन," आत फौजदार कपाळ चोळत म्हणाले. "या वार्ताहरसाहेब, बसा. लढाई लागल्यापासून गावात आईला मुलगा नकोसा झालाय, असं छापून टाका."

नकोसा कुठला! ज्याच्यावर गुन्ह्याचा तपास चालू आहे त्याला पलटणीत घेत नाहीत, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खटला रेंगाळेल, तोवर लढाई संपेल, आणि पोरगं तुरुंगात का होईना, जिवंत राहील. आयांचा हिशोब सरळ होता. वार्ताहरालाही सोमवारी भरतीला हजर व्हायचं होतं. त्याआधी ही एक बातमी आपल्या नावानिशी छापून यावी म्हणून तो जिवाचं रान करत होता.

"सकाळी चौथी आली होती," फौजदार म्हणाले. आता त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. "ती मात्र बरोबर बोलली. फावड्यानं मारलं म्हणाली. आतल्या खोलीत पोत्यांच्या मागे, भिंतीच्या खाचेत फावडं उभं आहे म्हणाली. आम्ही ती खोली उलटीपालटी केली होती, आम्हाला दिसलं नाही. आज जाऊन बघतो तर तिथंच. रक्तासकट."

वार्ताहराचा चेहरा उतरला. आधी त्याला नुसता राग आला. फावडं ही त्याची बातमी होती. पोलीस पोचण्याआधी मागच्या खिडकीतून वखारीत शिरून त्यानंच ते पाहिलं होतं. हातातली बातमी फुटायला नको म्हणून पोलिसांनाही त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. जेवताना आईला सांगितलं होतं तेवढंच.

मग चौथी कोण ते त्याच्या ध्यानात आलं. तो उठला, तर दारात शिपाई येऊन उभा राहिला होता.

फौजदारांनी त्याला शेजारच्या खोलीत नेलं. आई तिथे होती. चांगले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून, ती स्टुलावर बसली होती. त्याला पाहून ती हसली. थोरल्या भावाची नुसती पेटी पलटणीतून परत आली, त्या दिवसापासून ती अशी हसली नव्हती.

"आई, अगं काय करून बसलीस हे?"

"हळू बोल. मी सगळं नीट सांगितलं, तू सांगितलं होतंस तस्संच. बाहेरच्या त्या बघ, एकीला धड सांगता येत नाही."

"मी नाही मारलं त्याला."

"मला का ते माहीत नाही?" ती म्हणाली. "पण तू नाही म्हणू नकोस. मला आता दुसरी पेटी नको."

तो फौजदारांकडे वळला. "साहेब, मी बातमीसाठी शिरलो होतो आत. खिडकीतून. तेव्हा दिसलं ते."

"म्हणजे शिरला होतात," फौजदार म्हणाले. त्यांनी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "त्या तिघींना मी दटावून घरी पाठवीन. तुमचं काय करू? परवाच हुकूम आलाय. खुनाचे खटले आता लष्करी कोर्टात. ते रेंगाळत नाहीत हो. आठवड्यात निकाल, आणि निकाल एकच असतो. उद्या लष्कराची गाडी येईल तुम्हाला न्यायला."

"आईला सांगितलंत?"

"माझी जीभ रेटत नाही. तुम्हीच सांगा."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथे निदान कशात उडी घ्यायची हे तरी माणसाच्या हातात असतं. इथे नाही म्हणून कुणी ऐकणार नव्हतं, आणि हो म्हणायची आता गरजच उरली नव्हती. तिला सांगायलाच हवं होतं. तो तिच्याकडे वळला.

आई स्टुलावरून उठली होती. भाड्यानं खोली घेण्याआधी बघावी तशी ती मोकळ्या कोठडीत डोकावून बघत होती. तिनं दोन्ही हातांनी गज धरून सगळं बळ लावून हलवून पाहिले. ते हलले नाहीत. तिला बरं वाटलं.

"साहेब," ती फौजदारांना म्हणाली, "पलटणीचे लोक आले, तरी हे उघडायचं नाही हं."