पाहुण्यांची तक्रार

ठण्! ठण्! एक्झिल्डा बाबिनोनं हॉटेलच्या दारातच डावानं पातेलं बडवायला सुरुवात केली. एकटीनंच.

तिचा मुलगा रेनाल्ड धावत बाहेर आला. हॉटेलचा मॅनेजर तोच. "आई, पाया पडतो तुझ्या, बंद कर! मिरवणूक चर्चमागच्या रस्त्यानं गेलीय, तिकडे जा ना."

"गेली नाही, तू घालवलीस!"

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पंधरा ऑगस्ट हा कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या अकाडियन लोकांचा दिवस. संध्याकाळ झाली की सारं गाव थाळ्या, डबे, भोंगे घेऊन निघतं आणि कान किटेपर्यंत तँतामार, म्हणजे नुसता दणदणाट, करतं. आजवर ती मिरवणूक किनाऱ्याच्या याच रस्त्यानं जायची. यंदा रेनाल्डनं नगरपालिकेत खेटे घालून ती मागच्या गल्लीत ढकलली. का, तर सहल कंपनीनं आणलेल्या अमेरिकन पाहुण्यांना त्रास नको. आपल्याच गावात, आपल्याच सणाला, आपणच चोरासारखं मागून जायचं!

"वयस्कर माणसं आहेत गं. इंग्रजीशिवाय एक शब्द कळत नाही त्यांना. तुझं फुटकं पातेलं त्यांनी का ऐकावं?"

"का? अरे, इंग्रजांनी आपली घरं जाळली, बायकापोरांना जहाजांत कोंबून हाकललं. वाटलं, संपले हे. आपण परत आलो! ते सगळ्यांना कळावं म्हणून बडवायचं. आणि तू? इंग्रजी कानावर पडलं की शेपूट घालतोस. लाज कोळून प्यायलास, मेल्या!"

ठण्! ठण्!

रेनाल्डनं तिच्या हातातला डाव हिसकावून घेतला. रस्ता एकदम गप्प झाला. एक्झिल्डाच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. याच डावानं लहानपणी तिनं त्याला बडवायला शिकवलं होतं.

आत काउंटरवरचा फोन खणखणला.

"घे, आली तक्रार! झालं समाधान?" रेनाल्डनं तरातरा जाऊन फोन उचलला. "येस सर, सॉरी सर" चालू असतानाच त्याची जीभ अडखळली. मग तो नुसताच ऐकत राहिला. फोन ठेवून तो दाराशी आला.

"काय म्हणतात तुझे साहेब?"

"लुइझियानाचे आहेत सगळे. या साहेबांचं आडनाव बाबिनोच. त्यांच्या पूर्वजांना याच किनाऱ्यावरून जहाजात कोंबलं होतं म्हणे."

"मग तक्रार कसली?"

रेनाल्डनं हातातल्या डावाकडे पाहिलं.

"विचारतायत, आवाज का थांबला?"