भोवऱ्याची किडनी

“म्हणजे माझी किडनीपण हिला चालत नाही?”

भोवरा ताडकन उठला. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. आईनं डोळे मिटले. समोरच्या डॉक्टरीणबाईंची मात्र पापणीही हलली नाही. ऑपरेशनचा व्रण अजून ओढत होता, तरी पठ्ठ्याच्या येरझारा सुरूच. खिडकी, वजनकाटा, दार. दार, वजनकाटा, खिडकी.

“बस ना रे बाबा. तुला बघूनच मला गरगरतंय,” आई म्हणाली.

तो कसला बसतोय! शाळेनं हाकलला होता. गॅरेजवाल्यानं पाना फेकून मारला होता. आख्ख्या जन्मात त्याची एकच गोष्ट कुणाच्या कामी आली होती. आणि आता आईचे पाय पुन्हा सुजले होते.

“तरण्या पोराची किडनी दिली, मॅडम. दारूचा थेंब नाही. मग खोट कुठं निघाली?”

“खोट नाही रे. तिच्या रक्तातल्या अँटीबॉडी तुझ्या किडनीवर तुटून पडल्यात. नेहमीची औषधं देऊन झाली. आता एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे. तीही अँटीबॉडीच, पण प्रयोगशाळेत बनवलेली. ज्या पेशी हा हल्ला करवतात, त्यांनाच ती गाठते. लागू पडेलच असं मी सांगणार नाही.”

“नाही पडली तर?”

“किडनी जाईल.”

भोवऱ्यानं वजनकाट्याला लाथ घातली. काटा उडाला आणि परत शून्यावर आला.

“आधी तपासलं होतं ना तुम्ही? तेव्हा हिचं रक्त गप्प होतं. आता एकदम वैर? आणि तेही माझ्याशीच?”

“एकदम नाही.” डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “तू पोटात होतास तेव्हा तुझ्या थोड्या पेशी हिच्या रक्तात गेल्या. रक्तानं तेव्हाच तुला हेरून ठेवलं. मग इतकी वर्षं गप्प. इतकं गप्प, की तपासणीतही सापडलं नाही. आता तुझी किडनी आत गेली, आणि त्यानं लगेच ओळखलं.”

“ओळखणारच की,” आई पुटपुटली. “पोटातसुद्धा एक मिनिट स्वस्थ नव्हता मेला. रात्रंदिवस लाथा.”

भोवरा जागच्या जागी थांबला. खिडकीपाशीही नाही, दारापाशीही नाही.

“मग हे औषध ती ओळखच पुसणार?” आईनं विचारलं.

“पुसट तरी करेल. लागू पडलं तर. तुमची तयारी आहे?”

आईनं वळून भोवऱ्याकडे पाहिलं. भोवऱ्याला एकाएकी वाटलं, ही नको म्हणणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, क्षणभर त्यालाही तेच हवंसं वाटलं.

आईनं बाही वर सरकवली.

“पुसा खुशाल,” ती म्हणाली. “रक्त विसरलं तर विसरू दे. मला हा तोंडपाठ आहे.”